गेलेला वास आणि कांपोची पुडी



ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला दरवर्षी होते, ते गोळी देत तसा प्रसंगी काढाही देत. दिलेल्या औषधाने पुढे काय झाले, हे मात्र ते न चुकता वहीत उतरवून ठेवत. त्या वह्या पाहिलेली माणसे आज या सभागृहात बसली आहेत. त्यांच्या नावाच्या व्याख्यानाला असाच विषय हवा होता, ज्यात जुने औषध आहे आणि त्याची नोंद ठेवणारी वहीही आहे. मी कान-नाक-घसा या शाखेचा डॉक्टर. विषाणूच्या सर्दीनंतर गेलेला वास परत यावा म्हणून जपानमधले डॉक्टर वनौषधींची एक पुडी देतात. त्या पुडीची हकीकत मी आज सांगणार आहे.

हकीकत फार मागून सुरू होते. चीनमधल्या यांगझोऊचे जिआनझेन नावाचे एक विद्वान भिक्षू होते. जपानी लोक त्यांना गानजिन म्हणतात. जपानला येऊन दीक्षाविधी शिकवावा, असे आमंत्रण त्यांना आले. पाच वेळा ते निघाले आणि पाचही वेळा अडले. कधी वादळाने गलबत भरकटले, कधी सरकारी अधिकाऱ्यांनी रोखले. या धडपडीत त्यांची दृष्टी गेली. सहाव्या खेपेला, 753 सालच्या अखेरीस, ते जपानच्या किनाऱ्याला लागले आणि पुढच्या वर्षी नारा या राजधानीत पोचले. त्यांनी 759 मध्ये स्थापन केलेले तोशोदाइजी मंदिर आजही उभे आहे. पण माझ्या व्यवसायाला जवळची गोष्ट वेगळीच. 797 मध्ये पूर्ण झालेल्या ‘शोकु निहोंगी’ या राजदरबारी इतिहासात नोंद आहे, की औषधी द्रव्यांपैकी खरे कोणते आणि खोटे कोणते याचा निवाडा करण्याचे काम गानजिन यांच्याकडे सोपवले गेले. दृष्टी नसलेल्या त्या वृद्धाने प्रत्येक द्रव्य नाकाने पारखले आणि त्यात चूक झाली नाही.

त्याच काळात, 756 मध्ये, सम्राट शोमू यांच्या निधनानंतर सम्राज्ञी कोम्यो यांनी तोदाइजीच्या महाबुद्धाला साठ प्रकारची औषधे अर्पण केली. ती शोसोइन नावाच्या लाकडी भांडारात ठेवली गेली. सोबत यादी आहे, आणि रोग्यांना गरज पडेल तेव्हा ही औषधे द्यावीत अशी इच्छाही तीत लिहिलेली आहे. साडेबाराशे वर्षांनंतर त्यांतली बरीच द्रव्ये अजून शिल्लक आहेत; विसाव्या शतकात शास्त्रज्ञांनी ती तपासली. या यादीत मिरी आहे, पिंपळी आहे आणि आपला हिरडासुद्धा आहे. 984 मध्ये ताम्बा यासुयोरी यांनी तीस खंडांचा ‘इशिनपो’ हा ग्रंथ रचला. जपानमधला आज उपलब्ध असलेला तो सर्वांत जुना वैद्यकग्रंथ. त्यात बुद्धाचे वैद्य जीवक यांच्या नावावरचे उपचारही उद्धृत केलेले आहेत. चीनमधून कोरियामार्गे आणि थेट समुद्रमार्गे गेलेली ही विद्या जपानने आपल्या रोग्यांवर, आपल्या हवेत, हजार वर्षे घासूनपुसून घेतली. तिलाच आज कांपो म्हणतात.

आता नाकाकडे येऊ. नाकाच्या पोकळीत अगदी वर, कवटीच्या तळाला लागून, दोन-चार चौरस सेंटिमीटरचा एक पातळ पडदा असतो. त्यात वास टिपणाऱ्या चेतापेशी असतात. त्यांचे तंतू हाडातल्या चाळणीसारख्या छिद्रांतून थेट मेंदूच्या घ्राणकंदात जातात. लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी 1991 मध्ये या पेशींवरच्या ग्राहकांचे जनुक-कुटुंब शोधले, त्यासाठी त्यांना 2004 चे नोबेल मिळाले. माणसात असे सुमारे चारशे प्रकारचे कार्यक्षम ग्राहक असतात. आमच्या विषयासाठी सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे या चेतापेशी मरतात आणि पुन्हा जन्मतात. शरीरातल्या बहुतेक चेतापेशींना ही मुभा नाही. पडद्याच्या तळाशी असलेल्या मूळपेशींतून जन्मभर नव्या घ्राणपेशी तयार होत राहतात, आणि प्रत्येक नव्या पेशीला आपला तंतू घ्राणकंदातल्या नेमक्या ठिकाणी पोचवावा लागतो.

विषाणू हे सगळे विसकटून टाकतो. कोविडच्या विषाणूबद्दल 2020 मध्येच दिसून आले, की त्याला लागणारी दारे स्वतः चेतापेशींवर फारशी नसतात. ती असतात त्यांना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींवर. आधार कोसळला की चेतापेशींचे काम बंद पडते. आधारपेशी लवकर भरून आल्या तर वास दोन-तीन आठवड्यांत परततो. नुकसान खोल असेल तर चेतापेशींची नवी पिढी उभी राहावी लागते, आणि त्याला महिने लागतात. नव्या तंतूंनी मेंदूकडे अर्धवट, चुकीचा संदेश पोचवला की वास येतो, पण विकृत येतो. कॉफीला जळक्या रबराचा वास येतो, कांद्याच्या फोडणीला सडक्या मांसाचा. असे रुग्ण मी पाहिले आहेत. घरात सगळ्यांसाठी स्वयंपाक करायचा आणि आपल्याला पहिल्या घासालाच मळमळायचे, असे दिवस काढणाऱ्या बायका पाहिल्या आहेत. घरचे म्हणतात, “वास तर गेलाय, जीव तर गेला नाही ना?” हे वाक्य फार क्रूर आहे. लहान बाळाच्या टाळूचा वास, पहिल्या पावसाचा वास, देवघरातला धूप, उतू गेलेले दूध, गळणारा गॅस, हे सगळे ज्याला कळेनासे होते, त्याच्या जगण्यातला एक भाग खरोखर बंद पडलेला असतो. 2022 मध्ये अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण झाले. त्यानुसार कोविडने वास गेलेल्यांपैकी शेकडा पाचच्या आसपास लोकांची तक्रार दीर्घकाळ टिकते. कोविड किती जणांना झाला ते आठवा, म्हणजे या पाच टक्क्यांचे माप कळेल.

आपल्याकडे या रुग्णांना बहुतेक वेळा “येईल हळूहळू” एवढेच ऐकायला मिळाले. मोजमाप झाले नाही, नोंद झाली नाही. जपानमध्ये चित्र निराळे होते, आणि ते कोविडच्या फार आधीपासून निराळे होते. नागोयाच्या संशोधकांनी 2007 मध्ये सर्दीनंतर वास गेलेल्या रुग्णांच्या नाकातले स्राव तपासले. त्यात राइनोव्हायरस सापडला, पॅराइन्फ्लुएन्झा सापडला आणि कोरोनाव्हायरसही सापडला. अर्थात जुना, साध्या सर्दीचा. म्हणजे विषाणूने वास जाणे ही 2020 ची नवलाई नव्हती. साथीने ती फक्त लाखो घरांत पोचवली.

वास मोजायचा कसा, याचा विचार जपान्यांनी ज्या बारकाईने केला आहे तो मला फार आवडतो. त्यांच्या दवाखान्यांत पाच गंधांची एक प्रमाणित पेटी असते. गुलाब, जळकी साखर, घामट मोजे, पिकलेले पीच आणि विष्ठा. प्रत्येक गंध पातळ ते दाट अशा पायऱ्यांनी कागदी पट्टीवर देतात. आधी वास जाणवला का हे विचारतात, मग कशाचा ते. दुसरी चाचणी तर नाकाला हातही न लावता होते. हाताच्या शिरेत बी-1 जीवनसत्त्वाच्या एका संयुगाचे इंजेक्शन देतात. त्याला लसणासारखा वास असतो. तो रक्तातून फुप्फुसात आणि तिथून श्वासावाटे मागच्या बाजूने नाकात येतो. निरोगी माणसाला तो आठ-दहा सेकंदांत जाणवतो आणि मिनिटभर तरी टिकतो. नाक पुढून चोंदलेले असले तरी ही चाचणी सांगते, की वरच्या पडद्यात काही प्राण शिल्लक आहे की नाही. बाहेरच्या डॉक्टरांना ही रीत चमत्कारिक वाटते. मला ती अतिशय शहाणपणाची वाटते, कारण पुढे किती आशा धरायची याचा अंदाज तिच्यातून मिळतो.

तिसरी गोष्ट एक साधी प्रश्नावली. वीस रोजचे वास लिहिलेले असतात आणि प्रत्येकापुढे खूण करायची: नेहमीसारखा येतो, कधी कधी येतो, अजिबात येत नाही. शिजलेला भात, मिसो, नोरी, सोया सॉस, बेकरीतला पाव, लोणी, करी, तळलेला लसूण, संत्रे, स्ट्रॉबेरी, हिरवा चहा, कॉफी, चॉकलेट, घरगुती गॅस, कचरा, लाकूड, घाम, विष्ठा, फुले, अत्तर. ही यादी वाचताना एक अख्खे जपानी घर डोळ्यांपुढे उभे राहते. करी तिथे इतकी रुळलेली आहे, की ती या यादीत सहज येऊन बसते. ज्या देशात पाच धूपद्रव्यांच्या बावन्न जुळण्या ओळखण्याचा खेळ एदो काळापासून खेळला जातो, ज्या देशाच्या पर्यावरण मंत्रालयाने 2001 मध्ये जपायला हवेत अशा शंभर गंधस्थळांची यादी केली आणि त्यात तोक्योतल्या कान्दा भागातल्या जुन्या पुस्तकांच्या गल्लीलाही जागा दिली, तिथल्या डॉक्टरांना नाक गंभीरपणे घ्यावेसे वाटले यात नवल नाही.

अशा दवाखान्यात रुग्णाला जी पुडी मिळते, तिचे नाव तोकी-शाकुयाकु-सान. तिचा उगम सुमारे अठराशे वर्षांपूर्वीच्या चिनी वैद्य झांग झोंगजिंग यांच्या ग्रंथपरंपरेत आहे. तिथे ती कशासाठी सांगितली आहे? गरोदर बाईच्या पोटदुखीसाठी. पुढे जपानमध्ये ती पाळीच्या तक्रारी, हातपाय गार पडणे, अंगावर सूज, थकवा, पाळी जाण्याच्या वयातले त्रास यांसाठी रुळली. सहा द्रव्ये: तोकी हे अँजेलिकाचे मूळ, शाकुयाकु हे पिओनीचे मूळ, सेनक्यू आणि ताकुशा हे दोन कंद, अ‍ॅट्रॅक्टिलोडिसचा कंद, आणि पाइन वृक्षाच्या मुळांवर वाढणारी बुकुर्यो ही बुरशी. यातली तोकी आणि सेनक्यू ही दोन्ही ओवा, जिरे, बडीशेप, कोथिंबीर यांच्या कुळातली. त्यांना उग्र, सेलेरीसारखा वास असतो. नारा परिसरातली तोकी आजही सर्वोत्तम मानली जाते.

पोटाचे औषध नाकावर कसे गेले, हा प्रश्न मला बराच काळ सतावत होता. उत्तर एका ओळीत मिळत नाही. अनेक धागे एकत्र आले आहेत. एक धागा रुग्णांचा. सर्दीनंतर वास जाणाऱ्यांत पन्नाशीच्या आसपासच्या आणि त्यापुढच्या बायका जास्त असतात. जपानमध्येही, इतरत्रही. याच वयाच्या बायकांना हे औषध तिथले वैद्य शतकानुशतके देत आले होते. दुसरा धागा प्रयोगशाळेचा. अंडाशय काढलेल्या मादी उंदरांना हे औषध दिले तेव्हा त्यांच्या घ्राणकंदात नर्व्ह ग्रोथ फॅक्टर हे चेतापेशींना पोसणारे प्रथिन वाढलेले आढळले. तिसरा धागा विस्मरणाच्या रुग्णांचा. विसाव्या शतकाच्या अखेरीस हे औषध त्यांच्यावरही करून पाहिले गेले. हे धागे नाकाच्या डॉक्टरांच्या हाती आले आणि त्यांनी विचारले, घ्राणपेशी जर जन्मभर नव्याने उगवत असतील, तर त्यांच्या उगवण्याला याने मदत होईल का? कानाझावा वैद्यकीय विद्यापीठातले ताकाकी मिवा आणि त्यांचे सहकारी यांनी या प्रश्नाचा दीर्घकाळ पाठपुरावा केला. 2019 मध्ये त्यांच्या गटाने उंदरांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. मेथिमॅझोल या औषधाने उंदरांचा घ्राणपडदा मुद्दाम नष्ट केला. नंतर ज्यांना तोकी-शाकुयाकु-सान मिळाले, त्यांच्यात घ्राणपेशी परत येण्याचे काम अधिक वेगाने झाले आणि घ्राणकंदात ते पोषक प्रथिनही वाढले.

या औषधाची दोन भावंडे आहेत. अशक्त, खंगलेल्या रुग्णाला निन्जिन-योएइतो देतात. त्यात बारा द्रव्ये. मन खचलेल्या, झोप उडालेल्याला कामी-किहितो. दोन्हींत ओन्जी नावाचे मूळ असते, आणि तेही चेतापेशींना पोसणाऱ्या प्रथिनांशी संबंधित म्हणून अभ्यासले गेले आहे. काढा उकळत बसावे लागत नाही. कारखान्यात काढा करून, आटवून, वाळवून त्याचे दाणे केलेले असतात. पुडी फोडायची, जेवणाआधी कोमट पाण्याबरोबर घ्यायची, दिवसातून तीनदा. पुडीवर क्रमांक असतो, तोकी-शाकुयाकु-सानचा तेवीस. तिथले रुग्ण डॉक्टरांशी बोलताना तिला सरळ “तेवीस नंबर” म्हणतात. उपचार किमान तीन महिने चालतो, बहुधा त्याहून जास्त. पेशी उगवण्याला जेवढा वेळ लागतो तेवढा औषधालाही द्यावा लागतो, हे तिथे रुग्णाला पहिल्याच भेटीत सांगितले जाते.

हा पुडीचा भाग झाला. ती पुडी देणारा कोण, हा भाग मला पुडीहून मोठा वाटतो. जपानमध्ये कांपोचा वेगळा वैद्य नाही, वेगळी पदवी नाही, वेगळा परवाना नाही. जो डॉक्टर दुर्बिणीने नाक पाहतो, सीटी स्कॅन काढतो, गाठ असेल तर शस्त्रक्रिया करतो, तोच ही पुडी लिहितो. 148 कांपो औषधे राष्ट्रीय आरोग्यविम्यात बसतात. 2001 पासून कांपोची ओळख वैद्यकीय शिक्षणाच्या मूळ अभ्यासक्रमात आहे.

हे सहज घडले नाही. मेइजी काळात, 1883 च्या नियमांनी, डॉक्टरकीचा परवाना पाश्चात्त्य वैद्यकाच्या परीक्षेला बांधला गेला. सैन्याला शल्यचिकित्सक हवे होते, साथींना रोगजंतुशास्त्र हवे होते, आणि सत्ताधाऱ्यांच्या लेखी जुने वैद्य कालबाह्य होते. आसादा सोहाकु हे त्या पिढीतले शेवटचे थोर वैद्य. त्यांनी बालपणी आजारी असलेल्या राजपुत्राला, म्हणजे पुढच्या तैशो सम्राटाला, बरे केले होते. 1894 मध्ये ते वारले. 1895 मध्ये वैद्यांची मागणी संसदेने फेटाळली आणि हजार वर्षांची परंपरा कायद्याच्या दृष्टीने संपली.

ती जिवंत राहिली पाश्चात्त्य शिक्षण घेतलेल्या मोजक्या डॉक्टरांमुळे. वादा केइजुरो यांनी 1910 मध्ये कांपोच्या बाजूने एक घणाघाती पुस्तक लिहिले. युमोतो क्यूशिन हे डॉक्टर स्वतःच्या लेकीला आतड्याच्या साथीच्या रोगात गमावून बसले होते. जे शिकलो ते मुलीला वाचवू शकले नाही, या दुःखात ते पुस्तक त्यांच्या हाती आले. त्यांनी पुढे 1927 मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचे शिष्य ओत्सुका केइसेत्सु यांनी नव्या पिढ्या घडवल्या. 1950 मध्ये जपानमध्ये पौर्वात्य वैद्यकाची संस्था निघाली. 1967 मध्ये काही कांपो औषधे विम्यात आली, 1976 मध्ये फार मोठ्या संख्येने आली. 2009 मध्ये सरकारी खर्च कपातीच्या मोहिमेत कांपो विम्यातून काढण्याची सूचना पुढे आली, तेव्हा काही आठवड्यांत नऊ लाखांहून अधिक सह्या जमल्या आणि ती सूचना मागे पडली.

इथे मला टाळ्यांऐवजी थोडे थांबणे हवे आहे. 1976 मध्ये ही औषधे विम्यात आली ती नव्या औषधांना लागणाऱ्या रुग्णचाचण्यांशिवाय आली. दीर्घ वापर हाच पुरावा मानला गेला. त्यावर जपानमध्येच कडक टीका झाली आणि ती योग्य होती. याची किंमत वीस वर्षांनी कळली. शो-साइको-तो नावाचे एक जुने औषध जुनाट यकृतदाहासाठी प्रचंड प्रमाणात दिले जात होते. ते वनस्पतींचे, म्हणजे निरुपद्रवी, अशी समजूत होती. मार्च 1996 मध्ये आरोग्य मंत्रालयाने तातडीचा इशारा काढला. हे औषध घेणाऱ्या 88 रुग्णांना फुप्फुसांचा गंभीर दाह झाला होता आणि त्यांपैकी 10 जण दगावले होते. ते वाचून मी सुन्न झालो होतो. पण विचार करा, हे आकडे कळले कसे? औषध विम्यात होते, डॉक्टर ते लिहून देत होते, दुष्परिणाम कळवण्याची पद्धत होती, म्हणून. जिथे नोंदच नाही तिथे असा इशारा कधी निघतच नाही, आणि लोक म्हणत राहतात की आमच्या औषधाला दुष्परिणाम नाहीत.

नाकाच्या औषधांचेही असेच. निन्जिन-योएइतो आणि कामी-किहितो यांत ज्येष्ठमध असते. ते शरीरातले पोटॅशियम उतरवू शकते, रक्तदाब वाढवू शकते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांबरोबर हा धोका अधिक. कामी-किहितोमधले गार्डेनियाचे फळ वर्षानुवर्षे पोटात गेले तर मोठ्या आतड्याच्या शिरा कठीण होऊ शकतात, अशी सूचना आज तिथल्या औषधाबरोबर दिली जाते. तोकी-शाकुयाकु-सानमध्ये ज्येष्ठमध नाही. नाजूक पचनाच्या माणसाला ते पोटाला मात्र जड जाऊ शकते.

आता सर्वांत कळीचा प्रश्न. याने वास परत येतो का? माझे मत मी स्पष्ट सांगतो. शक्यता खरी आहे, सिद्धता अपुरी आहे. जपानमधून आलेला बराचसा पुरावा हा आपण औषध दिले आणि इतके जण सुधारले, अशा प्रकारचा आहे. विषाणूने गेलेला वास पुष्कळांचा आपोआपही सुधारतो, कधी वर्षभराने, कधी दोन वर्षांनी. मग सुधारणा औषधाची की काळाची? शेजारी औषध न घेतलेला गट असल्याशिवाय हे सांगता येत नाही. उंदरांच्या नाकात जे दिसले ते माणसांत तसेच घडेल असे गृहीत धरता येत नाही. आणखी एक अडचण कांपोच्या स्वतःच्या तत्त्वातून येते. जुना वैद्य रोगाला औषध देत नाही, रोग्याचा पिंड पाहून देतो. तोकी-शाकुयाकु-सान हे सडपातळ, फिकट, थंडी वाजणाऱ्या, दमणाऱ्या रुग्णाचे औषध. नाकाचा डॉक्टर मात्र वास गेला म्हणून ते धट्ट्याकट्ट्या पुरुषालाही देतो. पोट चाचपून पिंड ओळखणारे वैद्य यावर नाराज असतात. चाचणीत सरसकट सगळ्यांना दिले तर औषधाला न्याय मिळत नाही असे ते म्हणतात. पिंड पाहून दिले तर चाचणी गुंतागुंतीची होते असे संशोधक म्हणतात. दोघांचेही म्हणणे वजनदार आहे आणि हा वाद अजून मिटलेला नाही.

तरी मला यात एक संधी दिसते. वनौषधींची काटेकोर चाचणी करताना नेहमीची अडचण असते ती वासाची. नकली औषध दिले की रुग्ण ते हुंगून ओळखतो. ज्यांचा वास पूर्ण गेला आहे त्यांच्यापाशी ही अडचणच उरत नाही. फक्त कडू-गोड चव जुळवावी लागते. उग्र वासाच्या औषधाची इतकी स्वच्छ परीक्षा घेता येईल असे दुसरे रुग्ण क्वचितच सापडतील. आपल्याकडे नस्य आहे, अणुतेल आहे, वैद्यांचा अनुभव आहे, आणि कोविडने वास गेलेले रुग्ण तर दुर्दैवाने भरपूर आहेत. आयुर्वेद महाविद्यालय आणि कान-नाक-घसा विभाग एकाच शहरात, कधी एकाच रस्त्यावर असतात. त्यांनी एकत्र बसून रुग्णांचे दोन गट करावेत, वास मोजावा, सहा महिन्यांनी पुन्हा मोजावा आणि निकाल काहीही लागो, तो छापावा. यासाठी परकीय मदत लागत नाही. इच्छा लागते आणि वही लागते.

ज्याचा पुरावा आज कांपोपेक्षा भक्कम आहे तो उपाय मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे, कारण तो प्रत्येकाच्या घरात आहे. जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये थॉमस हुमेल यांनी 2009 मध्ये घ्राण-व्यायामाचा अभ्यास प्रसिद्ध केला. गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग हे चार वास, रोज सकाळ-संध्याकाळ, बारा आठवडे. वास येत नसला तरी हुंगायचे, आणि हुंगताना तो वास मनात आठवायचा. ज्यांनी हे केले त्यांच्यात न करणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारणा दिसली. पुढच्या अभ्यासांनीही त्याला पाठिंबा दिला आणि आज जगभर हा व्यायाम सुचवला जातो. जपानमध्येही पुडीबरोबर त्याचा सल्ला देऊ लागले आहेत. लवंग डब्यात आहे, लिंबू बाजारात आहे, निलगिरीचे तेल औषधाच्या दुकानात मिळते. गुलाबाचे अत्तर नसेल तर ज्या फुलाचा वास तुम्हाला चांगला आठवतो ते फूल घ्या.

आणि इथे बसलेल्या प्रत्येकाला माझी विनंती. सर्दी-ताप उतरून दोन-तीन आठवडे झाले आणि वास परतला नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला नाक दाखवा. नाकातला कोंब, सायनस, क्वचित गाठ, यांपैकी काही नाही ना हे आधी कळायला हवे, कारण त्यांचे उपचार वेगळे आहेत. वास परत येईपर्यंत गॅसची नळी आणि रेग्युलेटर घरातल्या दुसऱ्या कुणाकडून रोज तपासून घ्या, शक्य असेल तर गळती ओळखणारा भोंगा बसवा, आणि फ्रीजमधल्या अन्नावर तारीख लिहा. आज जे ऐकले त्यावरून परदेशातून तेवीस नंबरची पुडी मागवून स्वतःच सुरू करू नका; जपानमध्येही ती डॉक्टर तपासून, नोंद ठेवून, मध्ये मध्ये रक्त पाहून देतात. घरात कुणी वास येत नाही म्हणून जेवण टाळत असेल, तर त्याची चेष्टा करू नका. तक्रार लिहून घ्या, तारखेसकट, आणि तो कागद डॉक्टरांकडे घेऊन जा.